माउस बिघडला म्हणून कॉम्प्युटर भंगारात काढू नका

‘जुन्या डेस्कटॉपचा माउस गेला तर नव्या माउसवर पैसे घालू नका’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गोल पिनेचे माउस आता मिळत नाहीत. यूएसबीचा नवा माउस जुन्या मशीनला चालत नाही, त्याला निळा पोर्ट आणि ड्रायव्हरची, म्हणजे माउस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची सीडी लागते. यूएसबी माउस गोल सॉकेटला जोडणारा कन्व्हर्टर लावला तर मदरबोर्ड, म्हणजे मशीनमधला मुख्य सर्किट बोर्ड जळतो. एका क्लिकला दोनदा क्लिक होत असेल तर तो व्हायरस. तेव्हा माउस गेला की मशीनच बदला.

मी तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. हा मेसेज वाचून इथल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल मॅडम आपला डेस्कटॉप निर्लेखित करण्याचा ठराव समितीपुढे ठेवायला निघाल्या होत्या. वाचनालयाच्या पुस्तकांची सगळी नोंद त्याच मशीनमध्ये. बिघाड काय, तर माउसची वायर टेबलाच्या कडेवर घासून घासून मानेपाशी आतून तुटलेली. तेवढ्यासाठी ते मशीन जाणार होतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

गोल पिनेचा, म्हणजे पीएस-टू माउस. हा सॉकेट आयबीएम कंपनीने १९८७ साली आपल्या पीएस-टू या कॉम्प्युटरांच्या मालिकेबरोबर आणला. हिरवा माउसचा आणि जांभळा कीबोर्डचा, ही रंगांची खूण नंतर आली. असे माउस दुकानात कमी दिसतात हे खरं आहे, पण मिळतच नाहीत हे खोटं. शिवाय अर्धा हिरवा आणि अर्धा जांभळा असा एकच गोल सॉकेट असलेले मदरबोर्ड अगदी अलीकडेपर्यंत येत राहिलेत. आणि मुळात गोल पिनेचाच माउस शोधायची गरज बहुतेकांना नसते. सीपीयूचा डबा भिंतीपासून थोडा ओढून मागे बघा. गोल सॉकेटच्या आसपास चपटे यूएसबी पोर्ट असतातच. २००१ साली विंडोज एक्सपी आलं, तेव्हापासूनच्या जवळजवळ प्रत्येक मशीनला ते आहेत.

निळा पोर्ट आणि सीडी. निळा पोर्ट म्हणजे जास्त वेगाचा यूएसबी. पण माउस सेकंदाला पाठवतो ती माहिती चिमूटभर. साधे माउस यूएसबीच्या सर्वांत हळू वेगावर, म्हणजे सेकंदाला दीड मेगाबिटवर, आरामात चालतात, त्यामुळे काळा किंवा पांढरा पोर्ट त्यांना भरपूर झाला. ड्रायव्हर एक्सपीमध्ये आधीपासूनच असतो. माउस लावला की कोपऱ्यात नवीन हार्डवेअर सापडल्याची सूचना येते आणि काही क्षणांत बाण हलायला लागतो. जास्तीच्या बटणांचा गेमिंगचा माउस असेल तर वेगळं सॉफ्टवेअर लागेल, पण वाचनालयात किंवा पतसंस्थेत तो कशाला लागतोय?

आता कन्व्हर्टर. सगळा घोळ इथे होतो, कारण लोकांना अनुभव खरा येतो आणि निष्कर्ष मात्र चुकीचा काढला जातो. मॅडमनी मेसेजवर आंधळा विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी नवा यूएसबी माउस आणला होता, कपाटातल्या जुन्या खोक्यातला छोटा हिरवा कन्व्हर्टर त्याला लावला आणि गोल सॉकेटमध्ये बसवला. बाण जागचा हलला नाही. “बघा, मेसेजमध्ये लिहिलंय तसंच झालं,” त्या मला म्हणाल्या.

त्या हिरव्या कन्व्हर्टरच्या आत भाषांतर करणारं काहीच नसतं. चार तारा इकडून तिकडे जोडलेल्या असतात, बस्स. गोल सॉकेटची बोलण्याची पद्धत वेगळी, यूएसबीची वेगळी. पूर्वी काही माउसांच्या चिपला दोन्ही पद्धती येत. वीज मिळाली की आपण कुठल्या सॉकेटला जोडलेलो आहोत हे ती चिप ओळखायची, आणि कन्व्हर्टर अशाच माउसबरोबर खोक्यात यायचा. आजच्या बहुतेक स्वस्त माउसांना फक्त यूएसबी कळतं. अशा माउसला तो कन्व्हर्टर लावला तर मदरबोर्ड जळत नाही, माउस फक्त गप्प बसतो. मी कन्व्हर्टर काढला आणि तोच माउस मागच्या यूएसबी पोर्टला लावला. लगेच चालला.

यूएसबी पोर्ट खरोखरच सगळे मेलेले असतील तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे गोल पिनेचाच माउस घेणं. दुसरी म्हणजे मदरबोर्डवर रिकामा पीसीआय स्लॉट, म्हणजे जादा कार्ड बसवायची खाच असेल तर यूएसबीचं कार्ड बसवणं. पहिली सोपी.

जळण्याच्या भीतीला थोडा आधार आहे, तो मी नाकारत नाही. गोल पिनेचा सॉकेट चालू मशीनवर काढ-घाल करण्यासाठी बनवलेलाच नाही. काही जुन्या बोर्डांवर त्या वीजवाहिनीला छोटा फ्यूज असतो, तो उडू शकतो. शिवाय मशीन चालू असताना लावलेला माउस बहुधा ओळखलाच जात नाही. म्हणून आधी शटडाउन, मग माउस. पिना वाकू नयेत म्हणून आतली प्लास्टिकची खुंटी आणि सॉकेटची खाच जुळवूनच दाबायचं. यूएसबीला यातलं काही लागू नाही.

माउस बंद असताना शटडाउन कसं करायचं, हेही लोक विचारतात आणि शेवटी बटण दाबून धरतात. तसं करू नका. कंट्रोल आणि एस दाबून काम सेव्ह करा. आल्ट आणि एफ-४ दाबत एकेक खिडकी बंद करा. डेस्कटॉपवर आल्यावर पुन्हा तेच दाबलं की शटडाउनची चौकट येते. बाणच हलवायचा असेल तर डावा आल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबून एंटर करा. मग उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांवर बाण फिरतो आणि ५ दाबलं की क्लिक होतं.

व्हायरसचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्या नावाखाली फॉरमॅटचे पैसे घेतले जातात आणि लोकांचे फोटो, हिशेब पुसले जातात. माउसच्या बटणाखाली एक इवलासा स्विच असतो, त्याच्यात धातूची पातळ पट्टी. दाबलं की ती खाली टेकते आणि सोडलं की उडी मारून वर जाते. लाखो वेळा दाबून ती पट्टी सैल पडते, टेकण्याची जागा काळवंडते. मग एकदा दाबलं तरी संपर्क दोनदा जुळतो. फोल्डर निवडायला जावं तर तो उघडतो, फाइल ओढताना मध्येच सुटते.

तपासणं सोपं आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये माउसच्या सेटिंगमध्ये डावं-उजवं बटण अदलाबदल करा आणि उजव्या बटणाने काम करून बघा. दुखणं गेलं तर दोष डाव्या स्विचचाच. तोच माउस दुसऱ्या मशीनला लावूनही बघा. दुखणं माउसबरोबर तिकडे गेलं, तर तुमच्या हार्ड डिस्कला कुणी हात लावायचं कारण नाही.

नवा घेण्याआधी आणखी एक बघा. माउस उलटा करून खालच्या भोकात केस किंवा कापसाचा तंतू अडकलाय का? टेबलावर काच आहे का? काचेवर प्रकाशाचा माउस भरकटतो, खाली साधा कोरा कागद ठेवला तरी सुधारतो. चेंडूचा माउस असेल तर चेंडू काढून आतल्या रुळांवरची मळाची काळी पट्टी नखाने खरवडा. एवढं करूनही नाही चालला, तर तारेचा साधा माउस तीन-चारशे रुपयांच्या आत येतो. वायरलेस घेतलात तर त्याचा रिसीव्हर लोखंडी डब्याच्या मागे न लावता पुढच्या पोर्टला लावा.

मशीन बदलण्याची खरी कारणं वेगळी असतात. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या मशीनवर बँकेचे व्यवहार करत असाल तर विचार जरूर करा. वाचनालयाचं मशीन इंटरनेटला जोडलेलंच नाही. तिथे मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची: हार्ड डिस्क जुनी आणि नोंदींची दुसरी प्रत कुठेच नाही. मॅडमनी निर्लेखनाचा ठराव मागे घेतला. त्याच दुपारी आम्ही सगळी नोंद दोन पेन ड्राइव्हवर उतरवली. एक वाचनालयाच्या कपाटात आहे आणि दुसरा मॅडमच्या घरी.