तो फॉर्म सुपरवायझरच्या हातात कशाला?

मी एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स आहे. दरवर्षी आमच्याकडे कामगारांचं मेडिकल होतं: बीपी, कानांची तपासणी, नळीत फुंकर मारायची पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांची तपासणी. त्याआधी प्रत्येकाने दोन पानी फॉर्म भरायचा.

पेंट शॉपच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, ‘सुट्टीच्या दिवशी छातीला बरं वाटतं का?’ माझ्या मते सगळ्या मेडिकलमध्ये याहून मोलाचं काही नाही. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक व्हावा म्हणून त्यात मिसळतात त्या द्रवात, आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, त्यांनी दमा जडतो. सुरुवातीला तो चकवतो. कामावर किंवा घरी गेल्यावर रात्री खोकला, घरघर, आणि साप्ताहिक सुट्टीला माणूस ठणठणीत. याच वेळी त्याला स्प्रे बूथमधून हलवलं तर सावरण्याची चांगली आशा असते. उशीर झाला तर रंगकाम सुटतं, दमा सुटत नाही.

मागच्या वर्षी हे फॉर्म सुपरवायझरने गोळा केले. रबर लावलेला गठ्ठा दोन दिवस टाइम ऑफिसच्या टेबलावर उघडा पडून होता. माझ्याकडे आला तेव्हा त्या प्रश्नापुढे सरसकट ‘नाही’. एकाने मात्र आधी ‘हो’ लिहून खोडलं होतं. (त्याला विचारूनच हे लिहितेय, आणि त्याची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही.) बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, “सिस्टर, मी कॉन्ट्रॅक्टचा माणूस. हे वाचून उद्या गेटवरच थांबवलं तर?”

मी काय सांगणार होते त्याला?

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणं मालकावर बंधनकारक झालं आणि त्या नोंदी पाहायचा हक्क कामगाराला मिळाला. आमच्याकडे या नोंदी कामगार सोडून सगळ्यांनी चाळल्या. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एचआयव्ही असलेल्या एका रोजंदारी कामगाराला नाव उघड न करता दाद मागू दिली होती, आणि काम करायला सक्षम माणसाला केवळ त्या कारणावरून नाकारता येणार नाही असं ठरवलं होतं. आजार जगजाहीर झाला की रोजी जाते, हे तेव्हाच्या न्यायाधीशांना कळलं होतं.

सुपरवायझर म्हणतात, “मग आम्ही माणसं लावायची कशी?” त्यांची अडचण खरी आहे. पण त्यांना एक ओळ पुरते: फिट, किंवा ‘स्प्रे बूथमध्ये नको’. का नको, ते डॉक्टरपाशी राहू दे.

यंदा भांडून एवढं मिळवलं की फॉर्म बंद पाकिटात, दवाखान्यातल्या कुलूपबंद पेटीत, किल्ली डॉक्टरांकडे. पण त्या एका ओळीवरूनही कॉन्ट्रॅक्टर काय ते ओळखणारच. म्हणून ‘बूथमधून काढलेल्याला त्याच पगारावर दुसरं काम’ हे लेखी हवंय. त्यावर मॅनेजमेंटची सही अजून झालेली नाही. ती होत नाही तोवर पेटीतल्या पाकिटांतही ‘नाही’च निघणार, आणि त्यासाठी मी एकाही पोराला दोष देणार नाही. सोमवारी परत जातेय सही मागायला.