‘सरकार तटस्थ असूच शकत नाही’ म्हणे!

एक युक्तिवाद हल्ली फार फिरतोय. थोडक्यात असा: प्रत्येक कायद्यामागे कुठलं तरी नैतिक मूल्य असतंच, सरकारी निर्णयांचा फायदा कुणाला तरी जास्त होतोच, सिगारेटवर कर लावून सरकार लोकांना वळण लावतंच. तेव्हा तटस्थतेचं ढोंग सोडावं आणि चांगलं आयुष्य कोणतं हे सरकारनं उघड ठरवून लोकांना त्या वाटेवर आणावं. ऐकायला खणखणीत आहे. एकेक मुद्दा घेऊ.

कायद्यामागे नैतिकता असते. असते की, नाकारलंय कुणी? खुन्याला शिक्षा होते ती दुसऱ्याचा जीव गेला म्हणून. खुन्याचं आयुष्य हिणकस ठरवून नव्हे. एकमेकांशी कसं वागायचं आणि कशासाठी जगायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तटस्थता मागितली जाते ती दुसऱ्या प्रश्नापुरती. ब्रिटनमधल्या वुल्फेंडन समितीनं १९५७ साली हीच रेघ ओढली. प्रौढ पुरुषांमधले परस्परसंमतीचे खासगी संबंध गुन्हा नसावेत, अशी तिची शिफारस होती. ते संबंध चांगले आहेत, असं समितीनं कुठेही म्हटलं नाही. तो कायद्याचा विषय नाही, एवढंच म्हटलं. या शिफारशीच्या भूमिकेवर टीका करणारे ब्रिटिश न्यायमूर्ती डेव्हलिन यांना भीती वाटली की सामायिक नीतिमत्ता सुटली की समाजच विस्कटेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ साली कायदा बदलला. समाज आहे तिथेच आहे.

दुसरा मुद्दा खरा वजनदार: परिणाम कधीच सगळ्यांवर सारखे होत नाहीत. बरोबर. पण तटस्थता परिणामांत मोजायची नसते, कारणांत मोजायची असते. अमेरिकेतला १९६१ सालचा एक खटला बघा. मेरीलँडमधल्या एका मोठ्या दुकानाच्या नोकरांना रविवारी माल विकला म्हणून दंड झाला. माल काय, तर एक फाईल, फरशीच्या पॉलिशचा डबा, स्टेपलर आणि पिना, आणि एक खेळण्यातली पाणबुडी. सर्वोच्च न्यायालयानं रविवारच्या विक्रीवरची बंदी कायम ठेवली: कायद्याचा उगम धार्मिक असला तरी आता हेतू सगळ्यांना एकच सुट्टीचा दिवस मिळावा हा आहे. कारण वरकरणी तटस्थ आहे. पण त्याच दिवशी दुसरा निकाल लागला. फिलाडेल्फियातले ज्यू दुकानदार धर्मामुळे शनिवारी दुकान बंद ठेवत आणि कायद्यामुळे रविवारीही. त्यांना सवलत देणं राज्यावर बंधनकारक नाही, असं न्यायालयानं ठरवलं. आठवड्यातून एक दिवस विश्रांती हवी असेल, तर ती ते घेतच होते ना? मग अडलं कुठे? हा प्रश्न विचारता येतो तो तटस्थतेचा निकष हाताशी आहे म्हणूनच. तटस्थतेलाच ढोंग म्हटलं, की खऱ्या ढोंगाला ढोंग म्हणायची सोय उरत नाही. त्या दुकानदारांची तक्रार मग नुसतं अल्पमत ठरते.

सिगारेटचा मुद्दा चटकन संपतो. धड फुप्फुसं संन्याशालाही लागतात आणि रंगेलालाही. आरोग्य जपायला सांगणं म्हणजे कसं जगायचं ते सांगणं नव्हे. संग्रहालयांना आणि वाद्यवृंदांना मिळणारं अनुदान मात्र खरोखर अवघड जागेचं दुखणं आहे. तटस्थतेचे पुरस्कर्ते अमेरिकी तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी त्याचा बचाव केला: सरकार अमुक कलेची थोरवी ठरवत नाही, पुढच्या पिढ्यांसाठी संस्कृतीची श्रीमंती राखतं. मला हे ओढूनताणून वाटतं. तिथे तटस्थता थोडी मोडते, असं सरळ मान्य करावं.

आणि शेवटची उडी: पूर्ण तटस्थ राहता येत नाही, म्हणून बाजू घ्या! न्यायाधीशही शंभर टक्के निःपक्षपाती नसतो. म्हणून त्यानं मेव्हण्याच्या बाजूनं निकाल द्यावा, असं कुणी म्हणत नाही. शिवाय हे पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर सरकार असतं ते आपल्याच मताचं. आपला तो बाब्या! अडचण दाखवली की सूर उतरतो: ‘सक्ती नाही हो, फक्त प्रोत्साहन.’ ठीक आहे, मग किती प्रोत्साहन, कुणाच्या पैशातून आणि नको असणाऱ्याला बाहेर राहता येईल का, यावर बोलू. पण लोकांना वाटेवर आणण्याचा मूळ दावा तेव्हा मागे घेतलाय, हे आधी मान्य करा.