मशेरी, राख आणि आजीचे दात: ग्रुपवरच्या त्या मेसेजला उत्तर

आपल्याकडच्या गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: कोकणातल्या आज्या-पणज्यांनी कधी ब्रश हातात धरला नाही. मशेरी, राख, मीठ-कोळसा लावूनही त्यांचे दात ऐंशीव्या वर्षी सुपारी फोडायचे. पेस्टमधल्या फ्लोराइडने दात बिघडले आणि डॉक्टरकडे साफ करून घेतले की ते हलायला लागतात. तेव्हा जुन्याकडे वळा.

मी रत्नागिरी जिल्ह्यात दातांचा दवाखाना चालवते. हा मेसेज वाचून पेस्ट सोडून पुन्हा मशेरी सुरू केलेल्या बायका समोर येऊन बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

पहिला मुद्दा आजीच्या दातांचा. जुन्या घरातलं पानाचं तबक आठवा. अडकित्ता, चुन्याची डबी आणि शेजारी छोटा पितळी खलबत्ता. तो खलबत्ता कशासाठी होता? दात पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना पान-सुपारी कुटून द्यायला. बोळकं झालेल्या आज्या घरोघर होत्या. ज्या एखादीचे दात टिकले, ती आपल्या लक्षात राहिली. आणि टिकले ते राखेमुळे नव्हे. तेव्हा गोड सणासुदीला व्हायचं. आज सकाळी चहा-बिस्कीट, अकराला चहा, चारला चहा-खारी. दर वेळी गोड तोंडात गेलं की जंतू त्याचं आम्ल करतात आणि पुढची वीस-तीस मिनिटं दात त्यात भिजत राहतात. साखरेऐवजी गूळ घातला तरी दाताला फरक पडत नाही. गोड खायचंच तर जेवणाबरोबर खा आणि मधल्या चहाचे कप कमी करा.

दुसरा मुद्दा मशेरीचा, आणि माझं खरं भांडण याच्याशी आहे. मशेरी म्हणजे तंबाखू. पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. भाजताना घरभर धूर कोंडतो आणि लहान पोरं खोकत बसतात. मग ती डबी कमरेला. उठल्यावर एक बोट, जेवल्यावर एक, बाजारात टोपली घेऊन बसल्यावर एक, झोपताना एक. दात घासायला कोणी दिवसातून पाच वेळा बसत नाही. ही तलफ आहे. "मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" असं बायका मला रोज सांगतात, आणि त्या खरंच सांगतात. निकोटीनमुळे आतडी हलतात, म्हणून सवय पोटालाही लागते. दात दुखताना लावली की बरं वाटतं, हेही खरं. पण त्याने ठणका बधिर होतो आणि कीड आतून पुढे सरकत राहते.

तोंड उघडून पाहिलं की मशेरीची जागा लगेच कळते. जिथे बोट फिरतं तिथली हिरडी खाली सरकलेली, दातांची पिवळी मुळं उघडी, गालाच्या आत पुसला न जाणारा पांढरा चट्टा. अशा चट्ट्यांतून काहींना कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने चघळायच्या आणि लावायच्या तंबाखूला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. गरोदर बाईने लावली तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यावर मात्र कायदा पोचत नाही.

सोडायची कशी? दात घासणं आणि तलफ या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. उठल्या उठल्या ब्रश आणि पेस्ट, म्हणजे दिवसाचं पहिलं बोट टळतं. घरात भाजणं बंद करा आणि डबी कमरेवरून काढा. तलफ काही मिनिटांत ओसरते; तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप चावा, उठून कामाला लागा. सुरुवातीला डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही. हे हळूहळू कमी होतं. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सोडण्यासाठी मदत मिळते. आणि सुनांनो, मुलींनो, तिला टाकून बोलू नका. तिला लहानपणी कोणीतरी हे औषध म्हणूनच दिलं होतं.

राख, कोळसा, मीठ यांचं थोडक्यात. दातावरचं कवच सुमारे ९६ टक्के खनिजाचं असतं. त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणून झिजलं की पुन्हा येत नाही. खरखरीत काहीही घासलं की आधी चकाकी येते, मग कवच पातळ होऊन आतला पिवळा थर दिसतो, आणि माणूस आणखी जोरात घासतो. लिंबू-मीठ तर फारच वाईट: लिंबाने कवच मऊ पडतं आणि मीठ ते खरवडतं. कडक ब्रशही तेच करतो. सोलकढी सोडायला मी सांगणार नाही, पण ती जेवणाबरोबर प्या, मग चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका. कैरीचंही तसंच. करंजाची किंवा कडुलिंबाची काडी नीट चावून, मऊ करून, हलक्या हाताने फिरवली तर मला तिच्याबद्दल तक्रार नाही. मागच्या दाढांना ती पोचत नाही, एवढंच.

सुपारी दाताने फोडणं ही काही दातांची परीक्षा नव्हे. श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे तिथली सुपारी, कितीही चांगला असला तरी तो दाढेखाली फुटताना दाढेलाही चीर देतो. शिवाय तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर करते आणि तोंड आखडवते. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर लगेच दाखवा. जाळं विणताना तंगूस (नायलॉनचा दोरा) दाताने तोडणाऱ्यांच्या पुढच्या दातांना खाच पडते. सुईला छोटी कात्री बांधून ठेवली की काम भागतं. माडाच्या हिराने दात कोरणंही थांबवा. रोज एकाच जागी मासा अडकत असेल तर तिथे कीड किंवा फट आहे, तिच्यावर उपचार हवा.

फ्लोराइडने दातांवर डाग पडतात ते लहानपणी जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्याने. पेस्ट आपण थुंकतो. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मोठ्यांनी रात्री घासल्यावर थुंकावं आणि तांब्याभर पाण्याने चुळा भरत बसू नये, कीड रोखणारं फ्लोराइड दातावर राहू द्यावं.

राहिलं दात साफ करून घेणं. हिरडीखाली कीटण, म्हणजे दाताला चिकटलेला कडक थर, साचतं, त्याने हिरडी सुजते आणि खालचं हाड झिजतं. दात तेव्हाच सुटलेला असतो, फक्त कीटणाने धरून ठेवलेला असतो. ते काढल्यावर हललेला कळतो. हाड उरलेलं असताना आलात तर बहुतेक दात वाचतात. आणि दोन आठवड्यांत न भरणारं तोंडातलं कुठलंही जखम-चट्ट्याचं ठिकाण, दुखत नसलं तरी, दाताच्या डॉक्टरला किंवा सरकारी दवाखान्यात दाखवा.