रोज रील नको, आधी भाव लिहा

कारागिरांनी आपला माल सोशल मीडियावर कसा विकावा, यावरच्या या लेखात त्यांना ‘रोज एक रील टाका’ असा सल्ला दिलाय. अहो, हातमागावरचा माणूस रोज रील काढत बसला तर साडी विणणार कोण? आम्ही इंदूरकर. माहेश्वरी साड्यांचं महेश्वर जवळच, त्यामुळे घरात लग्नकार्य निघालं की माहेश्वरी थेट विणकरांकडूनच येते. हल्ली तीही व्हॉट्सअ‍ॅपवरून.

गिऱ्हाईक म्हणून सांगते, ‘भावासाठी इनबॉक्समध्ये या’ हे वाचलं की मी पुढे सरकते. किंमत सरळ लिहा. फोटो दिवसाउजेडी खिडकीशी काढा, ट्यूबलाइटखाली मेंदी रंगाचं काय होतं ते सगळ्याजणींना ठाऊक आहे. आणि काठ उलटून दाखवा! माहेश्वरीची बुगडी, म्हणजे दोन्ही अंगांनी सारखाच दिसणारा काठ, दहा सेकंदांच्या व्हिडिओत जेवढी कळते तेवढी पानभर मजकुरात कळत नाही. पदर हातात धरून, एकदा इकडून, एकदा तिकडून. मागे गाणं नसलं तरी चालेल, मागाची खटखट पुरे.

आणखी एक. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायची यादी, केली तरी मेसेज पोचतो तो तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच. म्हणून पार्सलमध्ये ‘नंबर सेव्ह करा’ अशी चिठ्ठी टाकावी. फुकटचं काम आहे, पण करतं कोण?

जाता जाता: आपल्या इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन आहे, पण बनवणाऱ्यांपैकी कुणाचं इन्स्टाग्रामवर पान मला तरी सापडलं नाही. कुणाला माहीत असेल तर इथे टाका, भाच्यासाठी घोडा हवाय.