पगारात कधी 'काटकसर' होते का?

आज ऑफिसच्या फळ्यावर नोटीस लागली. 'काटकसरीचा भाग म्हणून' सफाईच्या दोन मावशींचं काम पुढच्या महिन्यापासून बंद. सकाळपासून तो शब्द डोक्यातून जात नाहीये.

काटकसर? ही?

काटकसर माझी आई करायची. मे महिन्यात आमच्या जुन्या वह्यांमधली कोरी पानं काढायची, कडा सारख्या करायची आणि गोधडीच्या दोऱ्यानं शिवून जूनसाठी कच्ची वही तयार करायची. रेघा जुळायच्या नाहीत. मला वर्गात लाज वाटायची. पण त्या वहीपायी कुणाच्या पोटावर पाय आला नव्हता.

शब्दाकडे बघा जरा. 'काट' म्हणजे कापणं. 'कसर' अरबी 'कस्र'वरून आलेली, म्हणजे तूट, अपूर्णांक; आपण कसर भरून काढतो तीच. आणि वापर बघा! 'पगारात कपात झाली' म्हणतो आपण. 'पगारात काटकसर झाली' असं कुणी म्हणेल? काटकसर माणूस स्वतःच्या खर्चात करतो. दुसऱ्याच्या ताटातलं काढून घेतलं की ती कपात. इतकं सरळ मराठी आहे हे, आणि नोटीस लिहिणाऱ्यालाही ते येतं. म्हणूनच चीड येते.

धंदा मंदावला असेल, मान्य. कापावं लागतं कधीकधी. मग 'कपात' लिहा ना! आईचा शब्द कशाला घेता?

ती पै पै जोडायची. (रुपयाला १९२ पै. १९५७ साली दशमान नाणी आली, त्याच्या आधीच पैचं नाणं गेलं, पण बोलण्यातून पै काही गेली नाही.) मी तिला एकदा चिक्कू म्हणालो होतो, त्या वहीवरूनच. ती काहीच बोलली नाही, दोरा ओवत राहिली. तिच्या काटकसरीत सगळ्यात जास्त कापली गेली ती स्वतःच, हे मला फार उशिरा कळलं.

संध्याकाळी थोरल्या मावशी फळ्यापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "दादा, काय लिवलंय, वाचून दाखवा की." मी वाचून दाखवलं. 'काटकसर' तेवढं गाळलं. त्यांच्यासमोर तो शब्द तोंडातून निघेना.