किनारा वाढला, मग देश का नाही?

भारताच्या किनाऱ्याच्या लांबीचा नवा आकडा सगळ्यांनी मोबाइलवर वाचलेलाच होता: 7,516.6 किलोमीटरचे 11,098.81 झाले. कट्ट्यावर खरा दुखावलेला माणूस एकच, स्पर्धा परीक्षेच्या क्लासचे सर. त्यांच्या नोट्स नुकत्याच छापून आल्या होत्या.

"महाराष्ट्राचे आधी 720 पाठ करून घेतले, मग 652.6, आता म्हणे 877.97!" सरांनी कटिंगचा ग्लास आपटला. "बरं, किनारा दीडपट झाला तर देशाचं क्षेत्रफळ 32,87,263 चौरस किलोमीटरवरच कसं? कुणीतरी झोपलंय!"

"कुणी झोपलेलं नाही," अण्णा म्हणाले. भूमी अभिलेखमधून भूकरमापक म्हणून निवृत्त. स्वतः आवाज चढवत नाहीत, समोरच्याला चढवू देतात.

मेघना दिवसभर जीआयएसवर, म्हणजे संगणकातल्या नकाशांवरच असते. "सर, जुनं माप 1:45,00,000 च्या नकाशावरचं. एक मिलिमीटर म्हणजे साडेचार किलोमीटर. केळशी, आंजर्ल्याच्या खाड्या तिथे रेघेच्या जाडीतच बुडाल्या. आता प्रमाण 1:2,50,000, मिलिमीटरला 250 मीटर. बंगालचे 157.5 चे 721 झाले ते सुंदरबनामुळे. तिथे काही नवी जमीन उगवली नाही. आणि पुदुच्चेरीचा किनारा तर कमी झालाय."

"तेच म्हणतोय! बारीक मोजलं की क्षेत्रफळही वाढायला हवं."

"लांबीत प्रत्येक वळण जमेलाच पडतं," अण्णा. "क्षेत्रफळात रेघ इथे आत सरकली, तिथे बाहेर, की फिटंफाट."

"सरांच्या कंपाउंडसारखं," बाळ्या म्हणाला. "ते फक्त एकाच बाजूला सरकतं."

"तो अर्धा गुंठा कोर्टात आहे, इथे काढायचा नाही!" सर लाल. मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं: त्यांच्या एका विद्यार्थ्याने क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये देश मोजला, क्षेत्रफळ भलतंच जास्त आलं. म्हणजे सरकार लपवतंय.

मेघनाने कपाळाला हात लावला. "नकाशाचा थर वेब मर्केटरमध्ये असणार, म्हणजे विषुववृत्तापासून दूर जाल तसं क्षेत्र फुगवणाऱ्या प्रक्षेपणात. आणि त्याने 'एरिया' हे फंक्शन वापरलं असणार, जे सपाट कागद धरून मोजतं. मुंबईच्या अक्षांशावर 12 टक्के फुगवटा, लेहला जवळपास 46. पृथ्वीची गोलाई धरणारं 'डॉलर-एरिया' वापरायला सांगा, पण आधी प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये एलिप्सॉइड, म्हणजे पृथ्वीचा धरलेला आकार, बघा. नाहीतर थर आधी अल्बर्स समक्षेत्र प्रक्षेपणात न्या. राज्यं वेगवेगळी काढून बेरीज केली असेल तर सीमांवरच्या फटी आणि दुहेरी पट्ट्या साफ करा. आणि जुने अक्षांश-रेखांश 1830 च्या एव्हरेस्ट एलिप्सॉइडवरचे, हिशोब मात्र आजच्या डब्ल्यूजीएस-84 एलिप्सॉइडवर, असं केलं की आणखी साडेसातशे चौरस किलोमीटर फुकट."

"फुकट म्हटलं की सरांना..." बाळ्या. त्याला गप्प बसवलं गेलं.

अण्णांना खरं बोलायचं होतं ते तळटीपांवर. जनगणनेच्या तक्त्यात राज्यांची बेरीज 32,87,240 येते. म्हणजे 32,87,263 पेक्षा 23 कमी. त्यातले 13 पुदुच्चेरी आणि आंध्रच्या वादातले, दोघांच्याही खात्यात न धरलेले. मध्य प्रदेशचे 7 आणि छत्तीसगडचे 3 हिशोबात जुळतच नाहीत. शिवाय या आकड्यात पाकिस्तानच्या ताब्यातले 78,114, पाकिस्तानने चीनला दिलेले 5,180 आणि चीनच्या ताब्यातले 37,555 चौरस किलोमीटर धरलेले आहेत, आपल्या ताब्यात नसलेले. लोकसंख्येची घनता काढताना तेच वगळतात.

"आणि 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री बांगलादेशाला आपण त्यांच्या हद्दीत वेढलेल्या आपल्या 111 वसाहती दिल्या, 17,160.63 एकर. आपल्या हद्दीतल्या त्यांच्या घेतल्या 51, 7,110.02 एकर. प्रतिकूल ताब्यातल्या, म्हणजे एकाच्या हद्दीतल्या पण दुसऱ्याच्या ताब्यातल्या, पट्ट्यांच्या देवाणघेवाणीत 509 एकर परत जमेला. तरी 38 चौरस किलोमीटरच्या वर गेले. पुस्तकात आकडा हलला?"

"नाही," सर पुटपुटले.

"उलटंही आहे. जमीन वापराच्या तक्त्यात 1950-51 ला 28.4 कोटी हेक्टर, आता साडेतीस कोटींच्या वर. जमीन वाढली नाही, तलाठ्यांचे कागद वाढले."

हे मात्र सरांनी गुपचूप मोबाइलवर टिपून घेतलं. पुढच्या आवृत्तीत येईल, अण्णांचं नाव न घालता. मागच्या वेळी 33 फुटी साखळी आणि गुंठ्याचं प्रकरण असंच उचललं होतं, ते अण्णा विसरलेले नाहीत.

"ते राहू द्या, पोरांनी गोल कोणता काळा करायचा?"

"32,87,263."

"आत्ता तर म्हणालात..."

"परीक्षा आयोग घेतो, मोजणी खातं नाही."

"आणि कंपाउंडचं?" बाळ्या.

"त्यासाठी फी भरा, शेजाऱ्याला नोटीस जाऊ द्या, मग क-प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, बघू," अण्णा म्हणाले, आणि चहाचे पैसे द्यायच्या आत सर उठून निघाले, तेही शेजाऱ्याच्याच बाजूने.