कार्बन बॉनेटचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

बडोद्यातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मूळ पत्र्याचं बॉनेट काढा, कार्बन फायबरचं लावा. वजन निम्म्याहून कमी, पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही वाढतात, इंजिन थंड राहतं, धडकेत लोखंडाहून मजबूत. फायबरग्लास मात्र कचरा, त्याच्या वाटेला जाऊ नका. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत ओळखीची पोरं हे वाचून पैसे साठवताहेत. मी इथल्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत फायबरचं काम करतो, रेझिन (सुकून कडक होणारं चिकट द्रव) आणि मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) रोज हातात असते, म्हणून मला गप्प बसवत नाही.

वजनाचा आकडा कागदावर खरा आहे. एक घन सेंटिमीटर स्टील 7.85 ग्रॅम भरतं, कार्बन कापड आणि इपॉक्सी रेझिन मिळून साधारण 1.6. पण स्वस्तात मिळणारं ‘कार्बन’ बॉनेट एकदा उलटं करून बघा. वरून कार्बनच्या विणीचा एकच थर आणि खाली फायबरग्लासच्या चॉप मॅटचे (तुकडे केलेल्या काचधाग्यांच्या मॅटचे) थर, त्यावर सढळ हाताने फासलेलं रेझिन. काट्यावर ठेवलं तर ते मूळ बॉनेटच्या आसपास भरतं. खरोखर हलकं बॉनेट करायला आधीच रेझिन भरलेलं कापड, व्हॅक्युम आणि ऑटोक्लेव्हमधला (दाबाच्या बंद भट्टीतला) ताप व दाब लागतो, आणि त्याची किंमत कितीतरी पट असते. विकणाऱ्याकडून वजन किलोत लिहून घ्या. टाळाटाळ केली तर समजून जा.

आता समजा, अस्सल माल मिळाला आणि 7 किलो वाचले. चालकासकट 1000 किलोच्या गाडीत हे 0.7 टक्के झाले. गाडीचं वजन 10 टक्के घटलं तर इंधनात 6 ते 8 टक्के फायदा, असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे लिटरला 20 किलोमीटर देणारी गाडी फार तर शंभरेक मीटर जास्त जाईल. मागच्या सीटवरून पोरांची दोन जड दप्तरं उतरवली तरी एवढंच होतं. पिकअपचंही तेच, पायाला कळणारसुद्धा नाही.

मजबुतीचा दावा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. कार्बन ताठ असतो, हे खरं. पण तो दीडएक टक्का ताणला की तुटतो. पत्र्याचं स्टील वीस टक्क्यांच्या पुढेही ताणलं जातं, म्हणून ते दुमडतं आणि धक्का पोटात घेतं. कंपनीच्या बॉनेटच्या आतली फ्रेम नीट पाहिली तर ठरावीक जागी दाबलेले खाचे दिसतील. समोरून धडक बसली की बॉनेटने तिथेच मोडून मधून वर उचललं जावं आणि काचेकडे घुसू नये, यासाठी ते असतात. रस्त्यावरच्या माणसाचं डोकं बॉनेटवर आपटलं तर डोक्याला किती मार बसतो, याचीही चाचणी असते. आपल्याकडे त्यासाठी एआयएस-100 हे मानक आहे. मोल्डवरून हाताने काढलेल्या बॉनेटची अशी चाचणी कोण करतं?

आणि लॉक. इथे घाई करू नका. बॉनेटच्या पोटाला लॉकची यू आकाराची कडी असते, तिच्या बोल्टांच्या भोवती अंगठा फिरवा. चांगल्या कामात धातूची पट्टी थरांच्या मध्ये पुरलेली असते आणि फ्रेमला पक्की असते. हलक्या कामात ती वरून मॅटचे दोन तुकडे चिकटवून बसवलेली असते, आणि काही महिन्यांत बोल्टाभोवती पांढरट चांदणीसारख्या चिरा दिसू लागतात. अशी कडी अहमदाबाद एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगाला उपटली तर बॉनेट सरळ काचेवर येतं. बिजागऱ्यांच्या जागाही अशाच तपासा. शक्य असेल तर बॉनेट वरून धरून ठेवणाऱ्या वेगळ्या पिना लावा, आणि बंद करताना वरून आपटू नका, लॉकच्या वर तळहातांनी दाबा.

इंजिन थंड राहण्याचा कार्बनशी संबंध नाही. इंजिन थंड ठेवण्याचं काम रेडिएटरचं, आणि कार्बनच्या जाडीतून उष्णता पत्र्यापेक्षा कमीच जाते. फायदा असेल तर तो बॉनेटला पाडलेल्या हवेच्या झरोक्यांचा, तोही ते रेडिएटरच्या मागे, बॉनेटच्या पुढल्या भागात असतील तर. पुढच्या काचेपाशी हवेचा दाब जास्त असतो, तिथे बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलली तर वेगात बाहेरचीच हवा आत शिरते. पावसाळ्यात त्याच झरोक्यांतून पाणी थेट इंजिनवर टपकतं, हे कुणी सांगत नाही.

उन्हाचंही ऐका. मे महिन्यात आपल्याकडे काळं बॉनेट 70 अंशांच्या पुढे सहज तापतं. खोलीच्या तापमानाला सुकवलेली बरीच रेझिनं 60 ते 80 अंशांत मऊ पडू लागतात. मग विणीचे उंचवटे वर उमटतात, कडा वाकतात आणि फेंडरशी फट पडते. ओव्हनमध्ये भाजून पक्कं केलंय का, आणि वरच्या क्लिअर कोटमध्ये (पारदर्शक थरात) उन्हातल्या यूव्ही किरणांपासून संरक्षण आहे का, हे दोन प्रश्न विचाराच.

फायबरग्लासला कचरा म्हणणाऱ्यांनी नंदेसरीच्या केमिकल कारखान्यांत ॲसिडच्या टाक्या कशाच्या असतात ते बघून यावं. चांगल्या मोल्डमधून निघालेलं, पोटात फ्रेम असलेलं फायबरग्लास बॉनेट रंगवून लावलं की वर्षानुवर्षं टिकतं, आणि तडा गेला तर इथे कुठेही दुरुस्त होतं. झरोक्यांचा आकार हवा असेल आणि वरून गाडीचाच रंग मारायचा असेल, तर मी नि:शंकपणे तेच घ्यायला सांगेन. नुसत्या विणीसाठी वरच्या एका थराचे पैसे मोजू नका. रोज ऑफिसला नेणाऱ्या गाडीला मात्र मूळ बॉनेटच राहू द्या.

‘आरटीओ काही म्हणत नाही’ ही ओळ मेसेजच्या शेवटी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीतला बदल आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत चालत नाही, आणि नियमबाह्य बदलाला 182अ खाली प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर रंग लिहिलेला असतो, हेही लक्षात ठेवा. विमा कंपनीला आधी लेखी कळवा. फायबरग्लासच्या भागांवर क्लेममध्ये 30 टक्के घसारा कापतात, आणि न कळवलेला बदल असेल तर उरलेल्या रकमेसाठीही भांडत बसावं लागतं.